घोडा पडतो, बार होत नाही

हिरकणीवाडीतल्या रानडुकरांना दोन गोष्टी आमच्या आधी कळतात. भात कधी पिकले, आणि बंदूक कधी बिघडली. पहिली वासाने कळत असेल. दुसरी कशी कळते, याचा उलगडा वाडीत अजून कोणाला झालेला नाही. पण आमची दुनळी आजारी पडली की त्याच रात्री रायगडाच्या उतारावरून पिल्लाबाळांसकट कळप खाली येतो, खाचरात यथेच्छ लोळतो आणि जाताना बांधही उकरून जातो. बंदूक बरी होऊन घरी आली की आठ-आठ दिवस एक डुक्कर नजरेला पडत नाही. त्यामुळे ती खरोखर बरी झाली आहे का, हे तपासायलाही मार्ग उरत नाही.

शहरात बंदूक म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे दरोडेखोर येतो, नाहीतर सिनेमातला जमीनदार, नाहीतर बँकेच्या दारातला पहारेकरी. यांतल्या पहारेकऱ्याची बंदूक आमच्या बंदुकीची सख्खी बहीण. तीही बारा बोरची, आणि तीही उडालेली कोणी पाहिलेली नाही. पण आमच्याकडे बंदूक हे शेतीचे अवजार आहे. कोयता, विळा, इरले आणि बंदूक. 1959 च्या शस्त्र कायद्याने हे मान्यच केले आहे. त्याच्या तेराव्या कलमात गुळगुळीत नळीची, किमान वीस इंच लांब नळी असलेली बंदूक संरक्षणासाठी आणि ठासणीची बंदूक खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी, अशी सोय करून ठेवली आहे. 'खऱ्याखुऱ्या' ही अट महत्त्वाची. पीक खरे आहे हे सातबाऱ्यावर दाखवता येते. रक्षण खरे आहे का, हे मात्र डुकराला विचारावे लागते.

पूर्वी वाडीवाडीतून ठासणीच्याच बंदुका असत. नळीत तोंडाकडून दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, तो गजाने ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि शेवटी मागच्या कानावर केप बसवायची. एवढे होईपर्यंत डुक्कर जेवून, हात धुऊन गेलेले असे. पण त्या बंदुकीचा एक मोठा गुण होता. तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नव्हतेच. नळी, घोडा, चाप, कमान. बार झाला नाही तर दोष दारूचा, म्हणजे पावसाचा, म्हणजे कोणाचाच नाही.

आजोबांनी प्रगती केली आणि दुनळी आणली. माणगावकडच्या एका गृहस्थाकडून, जुनीच. बारा बोर म्हणजे काय, हे तेव्हा त्यांना कोणी सांगितले नसावे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक ज्या नळीत नेमका बसेल, ती बारा बोरची. साडेअठरा मिलिमीटर असे सरळ सांगितले असते तर चालले असते, पण मिलिमीटर पडले फ्रेंचांचे. बंदूक इंग्रजांची. नळीच्या पोटाशी बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा शिक्का आहे. हे प्रूफ हाउस 1813 चे. तिथे प्रत्येक नळीत रोजच्यापेक्षा जास्त दारू भरून बार काढतात, आणि नळी फुटली नाही तरच शिक्का मारतात. म्हणजे ही बंदूक एकदा तरी उडाली होती, याचा लेखी पुरावा आमच्या घरात आहे.

इंग्रजी मालाबद्दल आमच्या डोंगरात तसा आदरच आहे. 1818 च्या मे महिन्यात कर्नल प्रॉथरने रायगडावर तोफा डागल्या, तेव्हा त्याचा एक गोळा फुसका निघाल्याचे ऐकिवात नाही. वरचे वाडे जळून गेले, गड गेला. त्यानंतर मात्र इंग्रजी कारखानदारीने आमच्याकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. विलायतेत चांगल्या बंदुकीचे कसे लाड असतात म्हणे! फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला फेझंट नावाच्या पक्ष्याच्या शिकारीचा मोसम संपतो, की बंदूक कारागिराकडे जाते. तिथे ती पूर्ण उघडतात, पुसतात, तेल देतात, स्प्रिंगा पाहतात आणि पुढच्या मोसमापर्यंत ती विश्रांती घेते. आमच्या दुनळीला मोसम संपणे ठाऊक नाही. भात झाले की वाल, वाल झाले की परसातली रताळी, सुरण आणि करांदे. रानडुक्कर फेझंटसारखे तारीख पाळत नाही.

आता बिघाडांविषयी. ते ऋतूप्रमाणे येतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

पावसाळ्यातला बिघाड काडतुसाचा. जुनी काडतुसे कागदी असत. बुडाला पितळ आणि वर मेण चढवलेली कागदाची नळी. ज्याने ही युक्ती शोधली तो महाडला आलेला नसणार. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जूनमध्ये मीठ पाझरते, जुलैत आगपेटी मरते, आणि ऑगस्टपर्यंत काडतूस गरोदर असल्याप्रमाणे फुगते. मग ते नळीत अर्धे जाते आणि तिथेच बसते. आत जात नाही, बाहेर येत नाही, आणि बंदूक मिटत नाही. ही काडतुसे चुलीवरच्या माळ्यात सुक्या मासळीशेजारी ठेवावीत, म्हणजे कोरडी राहतील, असा प्रस्ताव मोठ्या काकांनी एकदा मांडला होता. त्यावर चूल, मासळी आणि काका यांपैकी कोणाला आधी घराबाहेर काढायचे, एवढेच काकूंनी विचारले.

आता प्लॅस्टिकची काडतुसे मिळतात. पुण्याजवळ खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, तिथे फौजेच्या गोळ्यांबरोबर बारा बोरची काडतुसेही होतात. प्लॅस्टिक फुगत नाही, ही गोष्ट खरी. पण बुडाच्या पितळेवर कळंक चढायचा तो चढतोच. शिवाय नवे काडतूस पावणेतीन इंची, आणि जुन्या विलायती बंदुकीचे घर बहुधा अडीच इंची. ते बसते, पण बसते म्हणून चालते असे नाही. उडताना काडतुसाचे तोंड पुढे उलगडते, तिथे जागा नसते, आणि आतला दाब भलताच वाढतो. ही माहिती काकांना कळली तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आजवर ती उडाली नाही, हे आपलं नशीबच म्हणायचं."

हिवाळ्यातला बिघाड खोबरेल तेलाचा, आणि माझ्या मते तो सगळ्यांत अस्सल कोकणी. आमच्याकडे केसांना, कुलपांना, शिवणयंत्राला, गुडघ्यांना आणि बंदुकीला एकच तेल. बंदुकीच्या आत बोटभर तेल सोडले की तिची चिंता मिटली, अशी तीन पिढ्यांची श्रद्धा. खोबरेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजते. डिसेंबरच्या रात्री रायगडाच्या पायथ्याशी त्याहून बरीच थंडी असते. वालाला शेंगा धरतात, डुकरे येतात, काका गोधडी टाकून माळ्यावर चढतात, चाप ओढतात, आणि आत पांढऱ्या लोण्यात रुतलेला घोडा अतिशय सभ्यपणे, सावकाश, काडतुसाला फक्त शिवतो. टोपी फुटायला ठोका लागतो. शिवून ती फुटत नाही. सकाळी उन्हे आली की तेल पातळ होते आणि बंदूक ठणठणीत. कोणाला दाखवायला न्यावी, तर दाखवण्यासारखे काही उरलेले नसते. दुपारी तपासणाऱ्या प्रत्येक जाणकाराने तिला निरोगी ठरवले आहे.

उन्हाळ्यात बंदूक खुंटीला असते. तेव्हा कुंभारीण माशी येते. गोल, गुळगुळीत, अंधारे बीळ तिला फार आवडते. ती चिखलाचे गोळे आणून उजव्या नळीत घर बांधते, त्यात अळ्या भरते, दार लिंपते आणि निघून जाते. ही थट्टेची बाब नाही. नळीत चिखलाचा बोळा असताना बार केला तर नळी फाटते आणि धरणाऱ्याचा हातही जातो. म्हणून दर वेळी बंदूक मोडून, रिकामी आहे याची खात्री करून, नळीतून उजेड पाहायचा, हा आमच्या घरातला पक्का नियम. लहानपणी तो मान माझा असे. डावीतून आंब्याचे झाड दिसायचे, उजवीतून काही नाही. मग हीर घेऊन माशीचे घर मोडायचे, आणि आजी म्हणायची, "राहू दे रे तिला, तिचं तरी काम होतंय तिथं."

खरा कस लागतो तो रात्री. माळ्यावर काका, त्यांच्या शेजारी विजेरी घेऊन त्यांचा धाकटा मुलगा, खाली खाचरात खसखस. विजेरी लागते. डोळे चमकतात. काका चाप ओढतात.

टिक्.

यानंतर काय करायचे, याचे जगभर एकच शास्त्र आहे. हलायचे नाही. नळी मोकळ्या दिशेला तशीच रोखून धरायची आणि निदान अर्धा मिनिट थांबायचे, कारण कधी कधी टोपी लगेच पेटते पण दारू उशिरा पेटते. घाईने बंदूक उघडली तर बार तोंडावर येतो. काका हे काटेकोर पाळतात. धाकटा हळू आवाजात आकडे मोजतो. डुक्करही थांबते. ते मान वर करून आमच्याकडे बघते, आम्ही त्याच्याकडे, आणि तेरा-चौदाच्या सुमारास त्याला अंदाज येतो. वीसला ते पुन्हा खाली मान घालून खाऊ लागते. तीसला काका बंदूक मोडतात, काडतूस काढतात, बुडावरचा बारीकसा खळगा विजेरीत निरखतात आणि म्हणतात, "ठोका पडलाय." हे वाक्य ते इतक्या समाधानाने म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावे, आपण आलो होतो ते ठोका पाडायलाच.

मग दुसरा चाप. दुनळीला दोन चाप असतात, पुढचा उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. आमची डावी नळी आजोबा गेल्यापासून मौनात आहे. तरी काका दर वेळी तो चाप ओढतात. माणूस बोलत नसला तरी घरच्या कार्याला बोलवावे लागतेच.

इथे एक कायदेशीर गोष्ट सांगून टाकतो. बार झाला असता तरी डुकराला इजा झालीच असती असे नाही. रानडुक्कर मारायचे तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली आधी परवानगी काढावी लागते. अर्ज, पंचनामा, हद्द, मुदत. तेवढ्या काळात ते डुक्कर आजोबा होते. म्हणून आमचे बार हवेतच निघतात. नेम चुकणे हा इतर ठिकाणी दोष असेल, आमच्याकडे ते कायद्याचे पालन आहे. बंदुकीकडून आमची अपेक्षा फक्त आवाजाची. तीही तिला झेपत नाही, एवढेच दुःख. एकदा मात्र तिने मनावर घेतले आणि असा काही आवाज काढला की खाली रोपवेपाशी मुक्कामाला असलेली पुण्याची मंडळी सकाळी विचारायला आली, "हा शो रोज असतो का? तिकीट कुठे मिळतं?"

रोपवेचा विषय निघालाच आहे तर सांगतो, आमच्या वाडीत देखभाल नावाची गोष्ट फक्त त्याचीच होते. 1996 पासून तो चालू आहे, आणि दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा असला तर रीतसर फलक लागतो. बंदुकीला असा फलक लावता येत नाही. लावला तर तो आधी डुकरे वाचतील.

तसे पाहिले तर या डोंगराला शिस्त काही नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरच्या दारूगोळ्याची निगा कशी राखावी हे इतके बारकाईने सांगितले आहे की आजच्या कोणत्याही कारखान्याने ते जसेच्या तसे छापून बंदुकीबरोबर द्यावे. दारूचे कोठार राहत्या घरांपासून दूर हवे. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू, बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन दाखवावे आणि पुन्हा मोहोर करून ठेवावेत. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, तोफांचे कान मेणाने बुजवावेत आणि त्यांच्यावर आडोसा करावा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिलेले आहे हे. यात खोबरेलाचा उल्लेख नाही, हे मी काकांना दाखवले. काका म्हणाले, "अमात्य घाटावरचे असतील." मी म्हटले, तेलाबरोबर मेण म्हटलंय. त्यावर काकांनी त्या वर्षी बंदुकीला खोबरेलात मेणबत्ती वितळवून दिली. डिसेंबरमध्ये काय झाले ते लिहीत नाही. वाचकाला थिजण्याची कल्पना आहेच.

दुरुस्ती. आमच्याकडचा लोहार नांगराचा फाळ करतो, कोयत्याला पाणी देतो, ट्रॅक्टरचा मोडलेला दात उभा करतो, आणि एका मुंबईकराच्या मोटारीचा सायलेन्सर त्याने असा जोडला की मोटार विकली तेव्हा सायलेन्सरचे वेगळे पैसे आले. बंदुकीची पिन ही त्याच्या दृष्टीने अर्ध्या तासाची गोष्ट. पण शस्त्र कायद्याचे पाचवे कलम आडवे येते. शस्त्र बनवायला, विकायलाच नव्हे, तर दुरुस्त करायलाही परवाना लागतो. 2019 च्या दुरुस्तीपासून तर विनापरवाना हे उद्योग करणाऱ्याला निदान सात वर्षे, आणि वर जन्मठेपेपर्यंत. पिनीचे टोक घासायला सात वर्षे! इतका वेळ आमच्या लोहाराने त्याच्या मुलाचे लग्न जमवायलाही घेतला नव्हता.

म्हणून तो बंदूक हातात घेत नाही. काका तिला ओट्यावर, रिकामी, मोडून ठेवतात. लोहार दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती फिरतो. वाकून बघतो. पुन्हा फिरतो.

"पिनीचं टोक बोथाटलंय, काका."

"मग?"

"मग काय? मी बोललो न्हाय."

"कमान बघ की जरा."

"कमान नरम झाल्ये. ती बदलाया व्हवी. पन मी बघितली न्हाय."

असे सर्व निदान होते. बिजागराशी नळी ढिली झाली आहे, हेही तोच हवेत दोन बोटे हलवून सांगतो. त्या बिजागरात आज पत्र्याची एक बारीक पट्टी आहे. ती कोणी घातली हे घरात कोणाला ठाऊक नाही. काकांच्या मते ती आपोआप वाढली असावी.

रीतसर परवाना असलेला कारागीर घाटापलीकडे, शहरात. वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, म्हणजे काडतूस फुगलेले असते तेव्हा रस्ताही फुगलेला. शिवाय परवान्यावर हद्द लिहिलेली. हद्दीबाहेर बंदूक न्यायची तर तिच्यासाठी वेगळा कागद काढायचा. तो हाती आला की बंदूक खोळीत घालून, काडतुसे निराळी ठेवून, परवाना खिशात चाचपत एसटीत बसायचे. कंडक्टर विचारतो, "काय आहे?" काका म्हणतात, "पेशंट." ते खोटे नसते.

कारागीर म्हातारा आणि कलावंत असतो. तो आमच्या दुनळीकडे बघून आधी हळहळतो. बर्मिंगहॅमचा शिक्का अंगठ्याने पुसतो. मग म्हणतो, "अशी बंदूक आता होत नाही." मला या वाक्याचा हल्ली रागच येतो. घड्याळजी, शिंपी, दाताचा डॉक्टर, सगळे हेच म्हणतात, आणि पुढचे वाक्य ठरलेले असते: पार्ट मिळणार नाही. पार्ट हाताने घडवावा लागेल. वेळ लागेल. किती? तो भिंतीला टेकलेल्या इतर बंदुकांकडे बघतो. तिथे एक रांग असते, आणि तिच्यातल्या काही बंदुका ज्यांनी ठेवल्या त्यांचे वारस आता चौकशीला येत असतात.

मुंबईच्या पुतण्याला यातले काही पटत नाही. त्याचा फ्रिज, त्याचा मोबाइल, त्याची चप्पलसुद्धा वॉरंटीतली. तो म्हणाला, जुनी ठेवा, नवी घ्या, वॉरंटीवाली. म्हणून एका दुकानात चौकशी केली. 2019 पासून एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. म्हणजे जागा होती. दुकानदाराने पंप ॲक्शन काढून दाखवली. पुढची मूठ मागे ओढली की खटक्, पुढे ढकलली की खटक्. काकांना तो आवाज फार आवडला. त्यांचे म्हणणे पडले की नुसता हाच आवाज ऐकून डुक्कर जाईल, काडतुसाचीही गरज नाही.

मग वॉरंटीच्या अटी वाचल्या. गंज धरला तर वॉरंटी नाही. पाणी गेले तर नाही. दुसऱ्याने उघडली तर नाही. काडतूस चुकीचे, जुने, ओलसर असेल तर नाही. लाकडी दस्ता तडकला तर तो हवामानाचा परिणाम, म्हणून नाही. एवढे वगळून जे उरते त्याची जबाबदारी पूर्ण. काकांनी विचारले, "म्हणजे कपाटात ठेवलेली असताना बिघडली तर?" दुकानदार प्रामाणिक होता. म्हणाला, "कपाट कोरडं हवं."

त्यात एक नवीनच घोळ. सरकारी शस्त्रकारखान्यांचे जे मंडळ होते, ते 1 ऑक्टोबर 2021 रोजी मोडून त्याच्या सात कंपन्या झाल्या. दारूगोळा पुण्याच्या मुनिशन्स इंडियाकडे गेला, बंदुका कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्सकडे. भावकीच्या वाटणीचा अनुभव असलेल्या माणसाला यातला धोका लगेच कळतो. रात्री दोन वाजता हिरकणीवाडीच्या माळ्यावर टिक् झाले, तर दोष काडतुसाचा की ठोक्याचा, हे आता पुण्याने आणि कानपूरने आपापसात ठरवायचे. तोवर अर्धा मिनिट नळी रोखून थांबायचे.

नवी बंदूक काही घेतली नाही. पुतण्याने समजूत म्हणून सौरऊर्जेची झटका मशीन पाठवली. तिला वॉरंटी होती आणि ती वॉरंटीतच बंद पडली. आता बंधाऱ्याजवळ काकूंच्या जुन्या साड्या बांधल्या आहेत, त्यांचा परिणाम बरा आहे. वाडीतली पोरे पाइपात कार्बाइड घालून लायटरने धडाम् करतात, ते मात्र पाहवत नाही. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात याच खेळण्याने पोरांचे डोळे गेले. त्यापेक्षा न उडणारी बंदूक परवडली.

बंदुकीची एकच सेवा खात्रीची, आणि ती मोफत. निवडणूक. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होऊ लागतात. सरसकट नव्हे, छाननी समितीने प्रकरण पाहून ठरवायचे असते. पण समिती बसेपर्यंत काकांना धीर नसतो, ते स्वतःच नेऊन देतात. 2024 मध्ये विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली आणि मतमोजणी झाली 23 नोव्हेंबरला. कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, भात कापणीचा काळ कोणता. डुकरांना मतदान नाही, पण निवडणुकीच्या वेळापत्रकाबद्दल त्यांची कसलीच तक्रार नव्हती. निकालानंतर बंदूक परत आली ती दस्त्याला सुतळीने चिठ्ठी बांधून, कोरड्या खोलीत महिनाभर आराम करून. तेल थिजलेले नाही, माशी नाही, गंज नाही. त्या रात्री काकांनी चाप ओढला आणि बार झाला. उजव्या नळीचा. काका इतके दचकले की माळ्यावरून पडता पडता वाचले.

आता काकांनी सत्तरी गाठली आहे. 2016 च्या शस्त्र नियमांत त्यासाठी छान सोय आहे. परवानाधारकाचे वय सत्तर झाले, किंवा शस्त्र पंचवीस वर्षे सांभाळून झाले, की ते हयातीतच वारसाच्या नावावर करता येते. बाकी संसारातल्या कोणत्याच गोष्टीला पंचवीस वर्षांनी अशी सुटका नाही. धाकट्याने अर्ज केला. सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवले. इतर वारसांची ना-हरकत लागते म्हणून बदलापूर, डोंबिवली, सुरत असे फोन झाले. आत्या, चुलते, चुलत भाऊ, सगळ्यांनी हसत हसत सही केली. आमच्या घराण्याच्या इतिहासात कोणत्याही कागदावर सगळ्यांच्या सह्या पडल्याचा हा पहिला प्रसंग. फक्त आत्याने फोनवर दोनदा विचारून घेतले, "बंदुकीचाच कागद आहे ना? खालच्या खाचराचा नाही ना?"

मग पडताळणी. बंदूक टेबलावर ठेवली. समोरच्या माणसाने चष्मा लावून नळीवरचा क्रमांक वाचला, परवान्यावरचा वाचला, यूआयएन हा परवान्याचा ओळख क्रमांक संगणकात घातला, सगळे जुळले. धाकट्याला राहवले नाही. म्हणाला, "साहेब, डावी नळी चालत नाही. उजवीपण कधी कधीच."

साहेबांनी फॉर्म वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. असा रकाना नव्हता. त्यांनी 'शस्त्र सुस्थितीत' असा शिक्का मारला, खाली तारीख घातली, आणि आता पाच वर्षे यायला नको म्हणून सांगितले.